फक्त तारखा दाखवा!

कोर्टाचं कामकाज टीव्हीवर दाखवायला आमचा ठाम विरोध आहे. न्यायालयाच्या प्रतिष्ठेची काळजी म्हणून नव्हे. ती घ्यायला न्यायालय समर्थ आहे. आम्हाला काळजी आहे टीव्हीची. रात्री नऊ वाजता आठ चौकटींत आठ जण बसवायचे, एकाचाही शपथेवर जबाब घ्यायचा नाही आणि पाऊण तासात निकाल देऊन जाहिरातीकडे वळायचं, या जलद न्यायाची प्रेक्षकाला सवय झाली आहे. त्याला खरं कोर्ट दाखवलं तर तो जांभया देईल, इथवर ठीक. पण एखाद्याच्या मनात येईल की आधी दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्यायचं आणि निकाल नंतर द्यायचा, अशीही एक पद्धत असते. एवढी जोखीम कोणत्या वाहिनीला परवडेल?

तरी देशानं ती घेतली. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 रोजी स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाला हिरवा कंदील दाखवला. सूर्यप्रकाशासारखं जंतुनाशक नाही, असा त्यातला सूर होता. प्रत्यक्षात ऊन पडायला आणखी चार पावसाळे गेले. 26 ऑगस्ट 2022 रोजी तिथलं पहिलं प्रक्षेपण झालं, तेही सरन्यायाधीश रमणा यांच्या निवृत्तीच्या दिवशी, निरोपाचं. कोणी कोणाला विरोध केला नाही, सर्वांनी सर्वांचं कौतुक केलं. कोर्टात असंही असतं, हे पक्षकारांना तेव्हा कळलं.

घटनापीठांचं रीतसर प्रक्षेपण सुरू झालं 27 सप्टेंबर 2022 रोजी, आणि त्याच दिवशी बोर्डावर होतं शिवसेनेतल्या फुटीचं प्रकरण. त्यानंतरच्या काही महिन्यांत महाराष्ट्राचं जे कायदेशिक्षण झालं, ते सगळ्या विधी महाविद्यालयांना मिळून जमलं नव्हतं. दहावं परिशिष्ट, प्रतोद, गटनेता हे शब्द वडापावच्या गाडीवर ऐकू येऊ लागले. नबाम रेबिया हे अरुणाचलातले गृहस्थ कोण, हे माहीत नसलेला माणूस सलूनमध्ये मागास ठरू लागला. अखेर 11 मे 2023 रोजी निकाल आला. राज्यपाल चुकले, विधानसभा अध्यक्ष चुकले, प्रतोदाची नेमणूकही चुकली. पण मुख्यमंत्र्यांनी आपणहून राजीनामा दिला असल्यामुळे मागचं सरकार परत आणता येत नाही. आमदारांच्या अपात्रतेचं अध्यक्षांनी वाजवी मुदतीत ठरवावं. अध्यक्षांची वाजवी मुदत 10 जानेवारी 2024 रोजी संपली आणि दोन्हीकडचं कोणीच अपात्र ठरलं नाही. इतके भाग मन लावून पाहिल्यावर शेवटी सगळे पात्र सुखरूप निघतात, हे आपल्याकडे कौटुंबिक मालिकांतसुद्धा घडत नाही.

कॅमेरा आला की वकील नाटकं करतील, असं जाणकार म्हणतात. म्हणजे कॅमेरा नव्हता तेव्हा ते करत नव्हते. 1959 साली कमांडर नानावटी यांच्यावर मुंबईत प्रेम अहुजा यांच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा मुंबईत दूरदर्शन यायला अजून 13 वर्षं अवकाश होता. पण कोर्टाबाहेर गर्दी मावेना, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं आरोपीला नायक करून टाकलं, फेरीवाले अहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तुलं विकू लागले. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं आणि ते उच्च न्यायालयाला फिरवावं लागलं. हे सगळं घडलं ते छापील कागदावर. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा असेल तर तो पूर्वलक्ष्यी प्रभावानं लागू करावा लागेल.

याच ‘ब्लिट्झ’च्या दुसऱ्या एका खटल्यात न्या. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नका, असं तोंडी सांगितलं. वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1966 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांसह नऊ न्यायमूर्ती बसले. न्याय उघड्यावरच झाला पाहिजे, हे त्यांनी मोठ्या आदरानं नमूद केलं आणि बहुमतानं मिरजकरांचा अर्ज फेटाळला. तत्त्वाला मान आणि अर्जाला नकार, ही आपली परंपरा इतकी जुनी आहे.

आता प्रक्षेपणाची नमुना नियमावली आहे. तीत वैवाहिक तंटे, लैंगिक अत्याचाराची प्रकरणं, मुलांची प्रकरणं वगळली आहेत, हे योग्यच. शिवाय चित्र दहा मिनिटं उशिरा सोडावं, असंही म्हटलं आहे. आजोबांनी लावलेल्या दाव्यात नातू वारस म्हणून लागतो, अशा व्यवस्थेला दहा मिनिटांचा विलंब मुद्दाम नियम करून मिळवावा लागला, याची नोंद व्हावी.

खरी गंमत अशी, की पूर्ण सुनावणी कोणी पाहतच नाही. लोक पाहतात कापलेले तुकडे. सहा तासांच्या युक्तिवादातली बारा सेकंदं फोनवर फिरतात. गुजरात उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीला 2025 मध्ये एक गृहस्थ शौचालयात बसून हजर राहिले. तेवढं सर्वांना ठाऊक आहे; खटला काय होता, हे विचारा कोणाला! कर्नाटकातल्या एका न्यायमूर्तींचे शेरे 2024 मध्ये असेच फिरले. तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी बजावलं, की ऊन लागलं म्हणून पडदे ओढायचे नसतात, उलट अधिक ऊन येऊ द्यायचं असतं. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीत कोणी घुसलं आणि तिथे आभासी चलनाची जाहिरात दिसू लागली. प्रायोजक आपल्या पायांनी चालत येतात, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

मुंबई उच्च न्यायालयातल्या काही पीठांचं कामकाजही जुलै 2025 पासून दिसू लागलं. दिल्लीत कॅमेरा, मुंबईत कॅमेरा. जिथे इंग्रजी चालते तिथे कॅमेरा. ज्या तालुका कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं, जिथे वाटपाचे, बांधाचे, वहिवाटीचे दावे पडून आहेत, तिथे मात्र पुकाऱ्याचा आवाजसुद्धा व्हरांड्यापलीकडे जात नाही. खालचं कोर्ट आम्ही पडद्यावर पाहिलं ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ सिनेमात, आणि थिएटरात शेजारचा माणूस कुजबुजला होता, ‘अहो, काही घडतच नाही.’ सिनेमा किती खरा आहे याची याहून मोठी पावती नाही.

खालच्या कोर्टातला पुरावा थेट दाखवू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पहिल्या साक्षीदाराचा उलटतपास दुसऱ्यानं घरी चहा पीत पाहिला, तर दुसऱ्याला पढवायचे कष्टही वाचतील. म्हणून आमचा प्रस्ताव अगदी माफक आहे. साक्ष नको, उलटतपास नको, कोणाच्या घरची भांडणं नकोत. फक्त तारखा दाखवा. रोज सकाळी अकराला बोर्ड पुकारला जातो, तेवढा अर्धा तास. तहकुबी कोणी मागितली, कारण काय दिलं, ही कितवी, आणि पक्षकार कुठून एसटी बदलून आला होता. यात कोणाचं गुपित फुटत नाही, कोणाच्या जिवाला धोका नाही. मोठे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, कागद मिळाले नाहीत, मुदतीचा अर्ज, साहेब रजेवर: कथानक ठरलेलं, म्हणून लेखकाचा खर्चही नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 17 व्या आदेशात एका पक्षाला दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असं लिहिलं आहे. अपवादात्मक परिस्थितीत ही मर्यादा ओलांडता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये स्पष्ट केलं, आणि तेव्हापासून परिस्थिती बहुधा अपवादात्मकच आहे. देशभरात पाच कोटींच्या घरात खटले प्रलंबित आहेत. एवढे अपवाद एकत्र पाहायला मिळणं हा राष्ट्रीय महत्त्वाचाच विषय झाला.

प्रस्तावाला वकील संघांचा विरोध असेल, तर आम्ही त्यांचं म्हणणं जरूर ऐकू. त्यांनी ते तालुका कोर्टात, कॅमेऱ्यासमोर मांडावं. तयारीला वेळ हवा असेल तर तारीखही देऊ. पहिली देऊ, दुसरी देऊ, तिसरी देऊ. चौथी मागताना मात्र कारण कॅमेऱ्याकडे बघून सांगायचं.