मनगटांचे मास्तर

जुन्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर काका असतातच. आमचे काका पाटबंधारे खात्यातले. धरणाचे दरवाजे इंच-इंच वर-खाली करण्यात हयात गेली. आता ३२ फ्लॅटच्या नळांवर भागवतात.

रात्री भिंतीतून 'ठण् ठण् ठण्' आलं की आम्ही वरच्या बिऱ्हाडाला शिव्या घालतो. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तर पुन्हा वास्तुशांत करायची ठरवली होती. काका मात्र बनियनवर, हातात बॅटरी, डक्टला कान लावून उभे. "वॉटर हॅमर!" चेहऱ्यावर आनंद असा, की घरी पाळणा हलला.

मग व्याख्यान. धावतं पाणी एकदम अडवलं की दाबाची लाट पाइपात येरझारा घालते. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबवलं, तर १२-१३ बारचा दणका! "आणि टाकीमुळे तुमच्या नळाला एरवी दाब किती? जेमतेम १!" १८९८ साली झुकॉव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या नळांवरच्या प्रयोगांतून हे गणित मांडलं, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे.

काकांचा खरा राग पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांवर. जुना आट्यांचा नळ तीन-चार फेरे घ्यायचा, पाण्याला सावरायला वेळ मिळायचा. त्यामुळे काका कुणाकडे चहाला गेले की आधी बेसिनशी जातात आणि यजमानांचं मनगट धरतात. "हळू... मींड घेतल्यासारखं... हां!" माझी बायको आता माहेरीही नळ मींड घेऊन बंद करते.

काका हरले ते आमच्या वॉशिंग मशीनपुढे. तिचा व्हॉल्व्ह खटकन मिटतो आणि तिला मनगटच नाही. शेवटी प्लंबर आला. त्याने डक्टमधला निखळलेला क्लॅम्प आवळला आणि मशीनच्या नळाजवळ हातभर पाइप उभा जोडून त्याचं वरचं तोंड बंद केलं. आत कोंडलेली हवा धक्का गिळते. आवाज थांबला. सोसायटी झोपली. काका दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, की ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते, पाइप भरतो आणि पुन्हा ठण्. म्हणजे अधूनमधून लाइन रिकामी करून पाइपात हवा घ्यायला हवी. संध्याकाळपर्यंत जिन्यात पाळ्यांचा तक्ता लागला. माझी पाळी रविवारी, पहाटे साडेपाचला.