खरी कमाई, खोटा हिशेब

स्काउटच्या 'खरी कमाई'साठी आम्ही खाकी चड्डीत वाड्यातली दारं ठोठावत असू. काम करा, पैसे घ्या, कार्डावर सही आणा. इंग्लंडात १९४९ पासून स्काउटांचा असाच आठवडा चाले, कामाला एक शिलिंग. आमच्या वाड्यात दर काकू ठरवत. गव्हाचा डबा गिरणीत न्यायचा, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, वर तांब्याचा बंब चिंचेने घासायचा. बंब लखलखला की काकू त्यात तोंड पाहत आणि पायाशी राहिलेला काळा डाग दाखवत. मोबदला चार आणे. तेही "आईकडून घे रे, तिच्याकडे माझी वाटीभर साखर राहिलीय!" घरची हीच कामं फुकट, कारण त्याला वळण म्हणत.

आता बऱ्याच शाळांत खरी कमाई म्हणजे खाऊचे स्टॉल. भेळ आई कालवते, विकत बाबा घेतात, चिरंजीव टोपी घालून फोटोत. भांडवल, मजूर आणि गिऱ्हाईक एकाच घरातलं. नफा तेवढा शाळेच्या अहवालात.