नव्या खिडकीचा पत्ता

संगणकाला दोन मॉनिटर जोडले की नवी खिडकी कुठे उघडावी हे वापरणारा सोडून बाकी सगळे ठरवतात. विंडोजमध्ये प्रोग्रॅम स्वतः जागा सांगू शकतो; न सांगितल्यास प्रणाली ठरवते. काही प्रोग्रॅम मागची जागा इतक्या निष्ठेने जपतात की तो मॉनिटर काढून नेला तरी तिथेच, म्हणजे अदृश्यात, उघडतात. लिनक्सच्या एक्स ११ या प्रदर्शन-प्रणालीत प्रोग्रॅम जागेसाठी अर्ज करतो, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर तो मंजूर करतो किंवा फेटाळतो. लिनक्सच्याच नव्या वेलँड प्रणालीत साध्या खिडकीला अर्जाचीही सोय नाही; सर्वाधिकार पडद्यावरचे चित्र रचणाऱ्या कंपोझिटरकडे. नजर कुठल्या पडद्यावर आहे, हे कोणीच विचारत नाही. निकाल पटला नाही तर विंडोजमध्ये अपील करता येते: विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ एकत्र दाबली की खिडकी शेजारच्या मॉनिटरवर जाते.