आधी उलटं करून बघा

बुलव्हार ओसमानवर टूरची बस थांबते. टूर लीडर सांगतो, "सव्वापाचला इथेच भेटायचं, दीड तास आहे," आणि पन्नास माणसं गालरी लाफायेतच्या दारातून आत शिरतात. डोक्यावर १९१२ सालचा रंगीत काचांचा घुमट असतो, पण मान वर करायला कुणाला सवड नसते. दीड तासाने जो तो पिशवी घेऊन बाहेर येतो. आत अत्तराची एक बाटली, भाचीसाठी किचेन, आणि एक पर्स. पर्सवर ठळक अक्षरांत नाव. पैसे मोजलेले असतात ते त्या नावाचे.

मला याचा राग येतो. आयुष्यभर साठवून एकदाच युरोपला आलेल्या माणसाला पॅरिसमध्ये खरेदीला दीड तास देणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेचा येतो, आणि त्याहून जास्त आपल्या सवयीचा येतो. घरी साडी घेताना आपण पदर उलटा करून बघतो, काठ चुरगाळून बघतो, उजेडात नेतो. पैठणीची मागची बाजू पुढच्यासारखीच साफ दिसते की नाही, हे आपल्या आज्या डोळे मिटून बोटांनी सांगायच्या. तीच माणसं परदेशात काचेचं दार उघडलं की हात खिशात घालून उभी राहतात.

म्हणून पॅरिसला निघालेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं: कपडा आधी उलटा करा, किंमत नंतर बघा. जाकीट असेल तर बगलेची शिवण बघा. चौकड्याच्या कापडात रेषा शिवणीवर एकमेकींना जुळतात की मध्येच तुटतात? आत दाबून ठेवलेलं कापड बोटभर आहे की नखाएवढं? बोटभर असेल तर उद्या ते सैल करता येईल, म्हणजे शिवणाऱ्याने तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार केलाय. मग आतली पांढरी पट्टी वाचा. कोतों म्हणजे सुती, लेन म्हणजे लोकर, स्वा म्हणजे रेशीम, लँ म्हणजे जवस-धाग्याचं लिनन. पॉलिएस्टर सगळीकडे पॉलिएस्टरच. कापड कशाचं आहे हे लिहिणं युरोपात कायद्याने सक्तीचं आहे. कपडा कुठे शिवला हे लिहिणं सक्तीचं नाही. त्यामुळे छातीवर 'पॅरिस' छापलंय एवढ्यावरून तो कपडा कुठल्या गावात तयार झाला हे कळत नाही.

फोबूर सँतोनोरे रस्त्यावर २४ क्रमांकाला एर्मेसचं जुनं दुकान आहे. विकत काही घ्यायचं नसलं तरी आत जा आणि रेशमी रुमाल दाखवायला सांगा. १९३७ पासून ते हा रुमाल करतात. नेहमीचा आकार नव्वद सेंटिमीटरचा चौरस. चित्राकडे नंतर बघा, आधी काठावरून बोट फिरवा. काठ पुढच्या बाजूला सुरळीसारखा गोल वळवून हाताने टाके घातलेले असतात, त्यामुळे कडेला एक मऊ, भरीव दोरी हाताला लागते. मशीनने शिवलेला काठ पापडासारखा चपटा बसतो. हा फरक एकदा बोटांना कळला की बाजारातला कुठलाही रुमाल तुम्हाला फसवू शकत नाही. एवढं शिक्षण तिथे फुकट मिळतं.

पण आत शिरताना 'बाँजूर' म्हणा. नुसतं 'बाँजूर' नको, 'बाँजूर मादाम', 'बाँजूर मस्यू'. आपल्याकडे दुकानदार आधी बोलतो, "या ताई, काय दाखवू?" तिथे येणाऱ्याने आधी बोलायचं असतं. दुकान म्हणजे त्या बाईचं घर, तुम्ही पाहुणे. न बोलता तुम्ही थेट हँगर सरकवायला लागलात की तिचा चेहरा बंद होतो, आणि मग आपण गावभर सांगतो की पॅरिसची माणसं उद्धट आहेत. घडी मोडायच्या आधी 'ज पो?' विचारा, म्हणजे 'मी बघू का?' बहुतेकदा ती स्वतःच उलटं करून दाखवते.

घासाघीस मात्र करू नका. ठरलेली किंमत कपड्यावर लावून ठेवायची ही रीत जगभर रुजवण्यात याच गावाचा मोठा हात आहे. आरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये ल बाँ मार्शे या दुकानात भागीदार झाला आणि त्याने किमतीची चिठ्ठी, वस्तू परत घ्यायची हमी आणि कुणीही आत येऊन नुसतं बघून जायची मुभा, हे सगळं एका छताखाली आणलं. किंमत उतरते ती सोल्दमध्ये, म्हणजे सेलमध्ये, आणि तीसुद्धा कायद्याने ठरलेल्या दिवसांत. वर्षातून दोनदा, चार-चार आठवडे. हिवाळ्यातला सोल्द साधारण जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो, उन्हाळ्यातला जूनच्या शेवटच्या बुधवारच्या सुमारास. चिठ्ठीवर जुनी आणि नवी अशा दोन्ही किमती दिसल्या पाहिजेत. सोल्दचा माल आहे म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. दोषाची जबाबदारी दुकानाचीच. शक्य असेल तर सहलीची तारीख यानुसार ठरवा. पहिल्या दिवशी मापं मिळतात, शेवटच्या आठवड्यात भाव मिळतो.

मापाचा गोंधळ इथे फार होतो. फ्रेंच ३८ म्हणजे ब्रिटिश १०, आणि इटालियन कपड्यावर तेच ४२ होतं. आकड्याच्या भानगडीत पडू नका. घरून इंची टेप न्या, छाती-कंबर-नितंब सेंटिमीटरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा. लांबी जास्त झाली तर 'रतूश' अशी पाटी शोधा, म्हणजे आल्टरवाला.

कराचे पैसेही लोक हकनाक सोडून येतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याने एका दुकानात शंभर युरोंच्या वर खरेदी केली तर कराचा काही भाग परत मिळतो. त्याला देताक्स म्हणतात. कर २० टक्के, पण मधल्या कंपनीचा वाटा जाऊन हातात कमी पडतात. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या आणि विमानतळावर बॅग देण्याआधी पाब्लो नावाच्या यंत्रावर तो स्कॅन करा. बॅग आधी बेल्टवर गेली आणि कस्टमने वस्तू दाखवा म्हटलं की संपलं. आपल्या टूरवाल्यांसाठी आणखी एक: पॅरिसहून बस स्वित्झर्लंडला जाणार आणि तिथून थेट विमानाने घरी, तर स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. शिक्का फ्रान्स सोडताना सीमेवरच घ्यायचा. बस तिथे थांबवायला लावा. लीडर कुरकुरला तरी लावा.

माझी आवडती दुकानं मात्र वेगळीच आहेत. देपो-वाँत म्हणतात त्यांना. घरातला चांगला कपडा माणूस तिथे ठेवून जातो, विकला गेला की दुकान आणि मालक पैसे वाटून घेतात. सोळाव्या विभागात र्‍यू द ला पोंपवर रेसिप्रोक नावाचं असं मोठं दुकान आहे. वीस-तीस वर्षं वापरूनही ज्याची शिवण सरकलेली नाही असा कपडा तिथे हाताला लागतो, आणि चांगलं काय ते काळानेच आधी पारखलेलं असतं. शनिवार-रविवारी सँतुआँच्या जुन्या बाजारातही जा. फक्त मेट्रोतून बाहेर पडल्यावर वाटेत चादरीवर मांडलेल्या 'ब्रँडेड' पर्स घेऊ नका. फ्रान्समध्ये नकली माल विकणं हा गुन्हा आहेच, जवळ बाळगणंही आहे, आणि कस्टमवाले माल काढून घेऊन दंडही करतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ओतेल द व्हिलसमोरच्या बेआशव्हे या १८५६ सालच्या दुकानात शीन या स्वस्त कपड्यांच्या ऑनलाइन कंपनीचं कायमस्वरूपी दालन उघडलं. निषेध म्हणून काही फ्रेंच ब्रँड तिथून बाहेर पडले. त्यांचं मला पटतं. चार धुण्यांत विटणारा टॉप घ्यायला विमानाने पॅरिसला कशाला जायचं?

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. पॅरिसच्या मोठमोठ्या घराण्यांच्या कपड्यांवरचं कितीतरी भरतकाम मुंबईत होतं. ३० मार्च २०२३ ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला तो याच नात्यामुळे; कमानीवरचं प्रचंड तोरण मुंबईच्या चाणक्य संस्थेच्या कारागिरांनी केलं होतं. पण असं तोरण रोज लागत नाही. एरवी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेली माणसं लाकडी अड्ड्याभोवती मांडी घालून बसतात, ताणलेल्या कापडात आरी, म्हणजे आकडीची सुई, खुपसतात, आणि त्यांचं नाव कपड्यावर कुठेच येत नाही. हिंदुस्थानी छापील सुती कापड फ्रेंच विणकरांच्या पोटावर येतंय म्हणून याच फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यावर बंदी घातली होती. तेव्हा निदान कापड कुठून आलंय हे उघड बोललं जायचं. म्हणून भरलेला कपडा हातात घेतलात तर काउंटरवर विचारा, "हे कुठे भरलंय?" शंभर जणांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवावं लागेल.

गेल्या खेपेला एका देपो-वाँतमध्ये काळ्या लोकरी क्रेपचं जाकीट दिसलं. मनगटाशी बारीक मण्यांचं काम होतं. 'ज पो?' विचारून मी बाही उलटी केली. अस्तर एका जागी उसवलं होतं, त्यातून भरतकामाची मागची बाजू दिसत होती: सरळ, बारीक टिपेच्या ओळी, आणि दर वितीवर दोरा संपवून मारलेली गाठ, अगदी एका मापाची. पुढून साखळी, मागून टिप. आरीचा टाका असाच दिसतो. तो फ्रान्समध्ये भरला की मुंबईत, हे पट्टीवर नव्हतं आणि दुकानातल्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, जाकीट हँगरवरून काढलं, आणि आम्ही दोघींनी ती बाही खिडकीपाशी उजेडात नेली. जाकीट माझ्या मापाचं नव्हतं. गाठी मात्र आम्ही मोजल्या, एकोणीस होत्या.