अंगठ्याचं अधिवेशन

साहित्य : पायाचा अंगठा एक (उजवा असल्यास उत्तम, मोटरसायकलचा ब्रेक त्याच बाजूला असल्याने दुखणं विसरायला होत नाही), शस्त्रक्रियेनंतर बिघडून उगवलेलं नख एक, जुना मोजा, प्लास्टिकची खुर्ची आणि सल्ला देणारी माणसं लागतील तेवढी. हे शेवटचं साहित्य आमच्या फैजपुरात विकत आणावं लागत नाही.

सदर मार्गदर्शन अशा गृहस्थांसाठी आहे, ज्यांचं नख मांसात रुतलं, कोणीतरी ते काढलं, आणि त्या जागी जे उगवलं ते पाहून घरच्यांनी पायाला पांघरूण घालायला सांगितलं. ज्यांचं नख अजून नुसतंच रुतलेलं आहे त्यांनी वाचायला हरकत नाही, पण मध्ये बोलू नये.

आता लेखकाची पात्रता. मी निवृत्त मास्तर. तीस वर्षं दर सोमवारी प्रार्थनेनंतर पोरांची नखं तपासली आणि वाढलेल्या नखाला पट्टी मारली. तीसही वर्षं पोरांना शिकवलं की नखं छान गोल कापावीत. हाताला ते चालतं. पायाच्या अंगठ्याला चालत नाही. तिथं नख आडवं, सरळ रेषेत कापायचं आणि कोपरे मोकळे ठेवायचे. कोपरा खोल गोल कापला की वाढताना त्याचं टोक बाजूच्या मांसात घुसतं. त्यात मी पुतण्याच्या लग्नात एक नंबर लहान मोजडी घालून वरातीत नाचलो. बाकीचं काम मोजडीने केलं.

पू झाला, अंगठा टमाट्यासारखा झाला, आणि ऑक्टोबरात, आमच्या सव्वा एकरात केळीच्या कांदेबागेची लागवड चालू होती त्याच आठवड्यात, एका डॉक्टरांनी अंगठ्याला भूल देऊन अख्खं नख उपटलं. त्यांचं नाव, गाव आणि दवाखान्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हे मी सांगणार नाही. ‘‘झालं. नवीन येईल,’’ एवढंच ते म्हणाले. नवीन आलं. कसं येईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तीस वर्षं पोरांना ‘शंका विचारा’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या अंगठ्याबद्दल एकही शंका विचारली नाही, याची इथं नोंद असावी.

पायरी पहिली : जे आलं आहे ते मान्य करणे.

माझं नख उन्हाळ्यापर्यंत अर्धं आलं. जाड, पिवळट, आडव्या वळ्या पडलेलं, पत्र्याचं छप्पर वादळात वाकावं तसं. एका कडेला स्वतंत्र बाण्याचा एक काटा. हा काटा मोजा फाडायचा, चादर ओढायचा आणि रात्री दोन वाजता कुशीवर वळलं की मला बसतं करायचा. पुढून अंगठ्याचं मांस टेकडीसारखं वर आलेलं आणि नख येऊन त्या टेकडीला धडकलेलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास खेळतो. त्या दिवसांत मी मोजे घालून फिरत होतो. लोकांना वाटलं, मास्तर परदेशी जाऊन आले.

पायरी दुसरी : अधिवेशन भरवणे.

1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या फैजपूरला झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावाकडच्याच सामानातून टिळकनगर उभं केलं, गांधीजी आले. तेव्हापासून गावाची अशी समजूत आहे की कोणताही प्रश्न मंडप घालून, चार लोकांत मांडला म्हणजे सुटतो. माझा अंगठाही त्याला अपवाद ठरला नाही. अंगणात खुर्ची ठेवा, दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवा, मोजा काढा. पाच मिनिटांत कोरम पूर्ण होतो.

‘‘दाखव बरं भो अंगठा,’’ म्हणत पहिला प्रतिनिधी येतो. तो पाहतो, चुकचुकतो आणि त्याच्या साडूची गोष्ट सांगतो. साडूची गोष्ट नेहमी साडूचा पाय कापण्यावर संपते. अशा वेळी चहा मागवावा. चहा आला की पाय वाचतो.

ठराव पुढीलप्रमाणे येतात. हळद आणि तूप. कडुलिंबाचा पाला. चुना. मेंदी थापून ठेवा, नख लाल होईल आणि दिसणार नाही. (हा ठराव आमच्या वहिनींचा. मी अमलात आणला. त्याचे परिणाम पुढे.) बिब्बा तापवून लावा. हा ठराव मात्र जागीच फेटाळावा, बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि मग अंगठ्याबरोबर त्या फोडांसाठीही डॉक्टर शोधावा लागतो. नखुरड्यावर बोट लिंबात खोवून बसण्याचा जुना उपायही पुढे आला. हाताच्या बोटाला लिंबू बसतं. पायाच्या अंगठ्याला मोसंबी लागते. ती मी बसवली. मोसंबीत पाय घालून ओट्यावर बसलेला निवृत्त मास्तर पाहून दोन माजी विद्यार्थी नमस्कार न करताच गेले.

एका म्हाताऱ्याने मात्र सगळ्यांना गप्प केलं. ‘‘मले सांगा, डोकं दुखलं तं डोकं काढतं का कोनी? नख कायले काढलं मग अख्खं?’’ मी सभेत या प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर नंतर कळलं, आणि ते म्हाताऱ्याच्या बाजूचं होतं.

शेजारच्या नानांनी निदान केलं : ‘‘मास्तर, हा करपा हाये. बागेत फवारा मारू राह्यलो ना मी, त्यातलं चार थेंब देतो तुम्हाले.’’ यावर हसू नये. केळीवरचा करपा हा बुरशीचा रोग, आणि जाड पिवळ्या नखातही बऱ्याचदा बुरशीच असते. करप्यावर फवारतात ते प्रोपिकोनॅझोल आणि नखाच्या बुरशीवर डॉक्टर कधी देतात ते इट्राकोनॅझोल, ही दोन एकाच रासायनिक घराण्यातली भावंडं. म्हणजे नानांचं घराणं बरोबर होतं, घर चुकलं होतं. फवारणीचं औषध अंगठ्यावर घेऊ नये. मी घेतलं नाही, कारण नानांची बाटली ऐनवेळी सापडली नाही.

पायरी तिसरी : डॉक्टर निवडणे. इथं बहुतेक लोक घसरतात.

अंगठ्यात हाड असतं म्हणून काही जण हाडवैद्याकडे जातात. नख काढलं सर्जनने, म्हणून काही जण पुन्हा सर्जनकडे. मी मेडिकलवाल्याकडे गेलो, कारण तो चौकात आहे आणि उधार देतो. त्याने बुरशीचं मलम दिलं. जाड नखावर मलम लावणं म्हणजे पत्र्यावर खत टाकणं. दोन महिने इमानदारीने टाकलं.

नख हा कातडीचा माल आहे. त्याचा डॉक्टर म्हणजे चर्मरोगतज्ज्ञ, ज्याच्याकडे आपण खरूज, गजकर्ण आणि सुनेचे मुरूम घेऊन जातो तोच. परदेशात फक्त पावलांचे वेगळे डॉक्टर असतात म्हणे. आपल्याकडे तसला माणूस शोधण्यात नख पूर्ण वाढून जाईल. भुसावळला जा, जळगावला जा. जळगावला 2018 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, तिथं केसपेपर काढून रांगेत बसलं तरी चालतं. भुसावळला जाताना वाटेत बामणोद लागतं. तिथली भरताची वांगी येताना घ्यावीत, जाताना घेतली तर दवाखान्यात सगळे पिशवीकडेच बघतात.

मी गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. नख बघून म्हणाल्या, ‘‘सर, हे लाल कशाने?’’ मी वहिनींचं नाव सांगितलं नाही. मेंदीमुळे नखाखालचा खरा रंग दिसत नाही, आणि तो दिसणं फार महत्त्वाचं असतं. नखाखाली काळी उभी रेघ नव्याने आली आणि रुंदावत चालली, तर ती ठेच असेल म्हणून घरी बसू नये, लगेच दाखवावी. माझी मेंदी नखासोबत पुढे सरकेपर्यंत त्यांना थांबावं लागणार होतं. त्यांनी कोपरा खरवडून भागवलं.

मग त्यांनी नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुसा कागदात घेतला. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवतात, नख विरघळतं, आणि बुरशी असलीच तर सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे दिसतात. ही तपासणी आधी, गोळ्या नंतर. नख जाड आणि पिवळं दिसलं की बुरशीच, असं नसतं. अशा बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच ती सापडते. बुरशी निघाली तर टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅमची एक गोळी रोज, पायाच्या नखासाठी बहुधा 12 आठवडे, आणि आधी यकृताची रक्ततपासणी. मेडिकलवाल्याकडे उधारीवर मिळणारी ही गोष्ट नाही. त्यांनी साखरही तपासायला लावली. मधुमेह असेल तर अंगठ्याची जखम गमतीची राहत नाही. लाली पायावर चढत गेली, ताप आला, पू वाढला, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

माझ्यात बुरशी नव्हती. नानांना हे पटलेलं नाही.

‘‘मग झालं काय?’’ मी विचारलं. पहिली शंका, तीही सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यांनी कागदावर चित्र काढलं. नख जिथं दिसतं तिथं वाढत नाही. ते मागच्या कातडीखाली लपलेल्या मुळातून येतं. अख्खं नख उपटताना त्या मुळाला इजा झाली तर नवं नख वळ्या पडून, जाड होऊन येतं, कधी कधी कायमचं. कडेचं मूळ अर्धवट उरलं तर तिथून काटा येतो. आणि नख नसतानाच्या महिन्यांत पुढचं मांस दाबायला वर काही नसतं, ते उचलून बांध घालतं. पाणी यावं तसं नख मागून येतं आणि बांधावर अडतं. रुतलेल्या नखाची बहुतेक वेळा फक्त कडेची पट्टी काढतात आणि तेवढ्याच पट्टीच्या मुळाला मिनिट-दोन मिनिटं फिनॉल लावून ते जाळतात. बाकीचं नख जागेवर राहतं. म्हातारा बरोबर होता.

इथं मला माझाच बाग दिसला. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात. नुसते विळ्याने छाटले तर आठवड्यात पुन्हा वर. म्हणून आमच्याकडे छाटलेल्या गाभ्यात रॉकेलचे थेंब सोडतात, मुनवा मुळातून मरतो, मुख्य झाडाला धक्का लागत नाही. मी हे आयुष्यभर करत आलो. स्वतःच्या अंगठ्याच्या वेळी मात्र अख्खं झाड उपटायला पाय पुढे केला.

‘‘म्हणजे रॉकेल,’’ मी म्हणालो. ‘‘फिनॉल,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि घरी नाही.’’ त्यांनी माझा चेहरा ओळखला होता.

काट्याचा बंदोबस्त असा झाला : भूल, काट्याची पट्टी कापणं, मुळाला फिनॉल. नंतर तीन आठवडे पाणी झिरपतं, घाबरू नये. बांधासाठी पुढचं मांस खाली ओढून चिकटपट्टी, रोज बदलायची. जाड नखासाठी चिठ्ठीवर लिहिलं : युरिया 40 टक्के, रात्री लावून झाकणे.

चिठ्ठी घरी वाचली गेली आणि अधिवेशन पुन्हा भरलं. ‘‘युरिया कायले विकत आनता? गोनी पडली हाये ना गोठ्यात, 45 किलोची!’’ नीमकोटेड आहे, म्हणजे कडुलिंबाचा ठरावही आपोआप मंजूर, असाही एक मुद्दा निघाला. सांगायला हवं की मलमातला युरिया आणि गोणीतला युरिया हा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ आहे. ही माहिती मी सभेपासून लपवली. मलमात तो मोजून, शुद्ध करून घातलेला असतो, नख मऊ करतो आणि मग ते कानशीने घासून पातळ करता येतं. गोणी बागेलाच ठेवा.

पायरी चौथी : वाट पाहणे. ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष, माझ्या वयात त्याहून सावकाश. टिश्यूकल्चरच्या रोपाला लागवडीपासून घड कापेपर्यंत अकरा-बारा महिने लागतात. त्या काळात कोणी केळीला रोज उपटून ‘मूळ धरलं का’ म्हणून पाहत नाही. अंगठ्याचं तेवढं भाग्य नसतं. महिन्यातून एकदा, शाळेची पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा आणि बाकीचे दिवस मोजा घालून ठेवावा. बूट रुंद पंजाचा घ्यावा. मोजडी पुतण्याला परत करावी.

बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की मूळ जेवढं दुखावलं तेवढ्या वळ्या राहतील. काटा गेला, झोप आली, वळ्या आहेत. नख सुंदर करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला मुळाचं चित्र काढायला सांगा.

ऑक्टोबरात बाग कापला. घड गाडीत भरून उत्तरेकडे गेले. नख चार मिलिमीटर बाकी आहे.