भुतांची शिफारस

राहुरीत औषध कोणतं घ्यावं हे विचारायला लोक डॉक्टरकडे जातात, बियाणं कोणतं घ्यावं हे विचारायला कृषी विद्यापीठात जातात आणि पोराला वाचायला काय द्यावं हे विचारायला माझ्याकडे येतात. पहिल्या दोन ठिकाणी निदान काही शास्त्र आहे. माझ्याकडे एक पुस्तकांचं कपाट आहे आणि रिकामा वेळ आहे. निवृत्त माणसाची याहून जास्त पात्रता कुणी विचारत नाही.

आईवडिलांची मागणी ठरलेली असते. "जरा ज्ञान मिळेल असं काहीतरी द्या." मुलाची मागणी आईवडील चपला घालायला वळले की हळूच येते. "काका, भुताचं आहे का?" मी तेव्हा बिनदिक्कत पोराच्या पक्षात जातो. ज्ञानाची सक्ती शाळा करतेच, क्लासवाले फी घेऊन करतात. भीती मात्र त्यानं आपण होऊन मागितलेली असते, आणि मागून घेतलेलं पुस्तक पोरगं पांघरुणात घुसून का होईना, शेवटापर्यंत नेतं.

शिवाय भुताचं द्यायचंच तर मालिकेतलं द्यावं, या मताचा मी आहे. एकटं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी संपून जातं आणि पोरगं पुन्हा मोबाइलकडे मोकळं होतं. मालिकेत भूत दर वेळी नवं, पण सोबतीला माणसं ओळखीची. हॅरी पॉटर अकराव्या वर्षी जादूच्या शाळेत जातो आणि सात भागांत सतरा वर्षांचा होतो. पुस्तकं तसतशी जाड आणि काळोखी होत जातात. पाचवीतलं पोर त्याच्याबरोबर वर सरकत राहिलं तर दहावीपर्यंत सोय होते. पहिला भाग मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आहे, त्यामुळे भाषेचीही सबब उरत नाही. आर. एल. स्टाईन यांच्या 'गूजबम्प्स'चा खाक्या वेगळा. १९९२ ते १९९७ या काळात मूळ मालिकेची ६२ पुस्तकं निघाली. पोरं बहुतेकदा नवी, पण प्रकरणाच्या शेवटी किंचाळायची जागा ठरलेली. पान उलटावं तर किंचाळायला लावणारा धाकटा भाऊ नाहीतर मांजर निघतं. पोरांना ही फसवणूक फार आवडते. मोठ्यांना नाही आवडत, पण त्यांना विचारलंय कुणी?

आमच्या पिढीला ही सोय 'चांदोबा'नं केली होती. १९५२ पासून तो मराठीत येऊ लागला आणि विक्रमाच्या खांद्यावर प्रेत चढलं ते उतरायचं नावच घेईना. दर महिन्याला राजा झाडावरून प्रेत काढायचा, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगायचा, राजा तोंड उघडायचा आणि सगळं पुन्हा झाडावर. गंमत अशी की वेताळ घाबरवायचा नाहीच. तो विचारायचा, यात चूक कोणाची, न्याय काय? म्हणजे आईवडिलांना हवं असलेलं ज्ञान त्या प्रेताच्या पोटातच होतं. फक्त चित्रातली ती स्मशानवाट पाहून घरातले कुणी ते पोट फाडून बघायच्या भानगडीत पडले नाहीत, हे आमचं नशीब.

आता खरी अडचण. चांदोबा बंद पडला. बाकीची मराठी भुतं एकदम मोठ्या माणसांची. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. ती वाचून आमच्या आजोबांच्या रात्री गेल्या, पण आजच्या सहावीतल्या मुलाला तिची भाषाच आधी भूत वाटते. नारायण धारपांचा 'समर्थ' एकामागून एक पुस्तकांत दुष्ट शक्तींशी लढतो, म्हणजे मालिका म्हणून चोख. पण धारप पोरांसाठी लिहीत नव्हते. रत्नाकर मतकरींनी पोरांसाठी 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण रंगमंचावर आणली आणि मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या. मधल्या, दहा ते चौदा वयाच्या पोरांनी काय करावं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्या वयाचा आहे, पण तो चोरांच्या मागे लागतो. फुरसुंगीच्या पिंपळावरचा मुंजा त्याच्या वाटेला गेला असता तर मराठीचं बरंच भलं झालं असतं. मुंजा, हडळ, खवीस, समंध, गिऱ्हा, झोटिंग, चकवा. एवढा भरलेला वाडा आपल्याकडे आणि त्यात पोरांसाठी लिहिणारा भाडेकरू नाही. मुंज्यावर शेवटी २०२४ मध्ये सिनेमा आला, तोही हिंदीत.

त्यामुळे मला बाहेरची भुतं द्यावी लागतात, आणि ती राहुरीच्या हवेत टिकतील याचा भरवसा नसतो. एका पोरीला झपाटलेल्या घराची गोष्ट दिली होती. मध्यरात्री दार करकरतं, आपोआप उघडतं, वगैरे. पोरगी शिंगणापूरच्या आजोळी सुट्टीला गेली असताना तिनं ती वाचली. शनीच्या त्या गावात घरांना दारं न लावण्याची चाल. २०११ मध्ये बँकेची शाखा उघडली तीसुद्धा कुलपाविना. पोरगी परत आल्यावर म्हणाली, "काका, दारच नाय तर करकरंल काय?" इंग्रजी भुताची अशी अडवणूक लंडनमध्ये कुणी केली नसेल.

दुसरा एक सहावीतला, सेमी इंग्रजीवाला, वस्तीवर राहणारा. त्याला गूजबम्प्स दिलं. लगेच परत आणलं. "यात काय भ्यायचंय? तळघरात कुणीतरी हाय म्हणतो. आमच्याकं तळघर नाय." मग काय आहे, असं विचारलं तर त्यानं घराच्या तिन्ही बाजूंचा ऊस सांगितला. बांधाच्या अलीकडे शहाऐंशी बत्तीस, पलीकडे दोनशे पासष्ट. इकडच्या पोरांना उसाच्या जाती पाढ्यांच्या आधी पाठ होतात. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्या राहतो, मादी तिथंच विते, आणि तोड सुरू झाली की कधी कोयत्यापुढे पिल्लं निघतात. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की याचे पप्पा बारा वाजता मोटार चालू करून उसाच्या पाण्याची दारं धरायला जातात. हातात बॅटरी, खिशात मोबाइल, मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी. बिबट्याला कळावं, माणूस येतोय. "गाणी ऐकू येत्यात तोवर झोप लागती," तो म्हणाला. "थांबली की उठून बसतो."

या पोराला तळघरातलं भूत काय घाबरवणार?

त्याला मग हॅरीचा पहिला भाग दिला. त्यात शाळेशेजारच्या जंगलात जायची पोरांना सक्त बंदी आहे आणि नियम मोडल्याची शिक्षा म्हणून त्यांना रात्री त्याच जंगलात पाठवतात. ते वाचून पठ्ठ्या खूश झाला. "हे बरोबर वाटतं. पप्पांना पण बिबट्या हाय, रात्री जाऊ नका म्हणत्यात, अन् लाईट रात्रीच देत्यात." इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या दिवाळी अंकात वाचलेली नाही. दुसऱ्या भागासाठी तो अंधार पडायच्या आत सायकल दामटत आला.

एक ओळखीचे गुरुजी मला टोकतात. फुल्यांच्या नावाचं विद्यापीठ असलेल्या गावात तुम्ही पोरांना भुतं वाटता, अंधश्रद्धा वाढेल. मी त्यांना मतकरींची हकिकत सांगतो. ते कितीतरी वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. दिवसा खातेवह्या सांभाळणारा माणूस बाकीच्या वेळात बसून, विचार करून भुतं रचतो, हे पोराला कळलं की पिंपळाखालून जाताना ते मुंज्याला भीत नाही. हा कुणी लिहिलाय, असं विचारतं. भूत खरं मानतात ती पुस्तकं न वाचलेली माणसं, आणि त्यातली काही गावात चांगली मानाची आहेत. गुरुजींना हे पटलेलं नाही. पण त्यांचा नातू सध्या हॅरीच्या तिसऱ्या भागावर आहे.

हल्ली एका सातवीतल्या मुलीची मागणी अडकून पडली आहे. तिला बिबट्या बोलतो अशी मालिका हवी. मी किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला बगीरा पुढे केला. तिनं चित्र बघितलं आणि मान हलवली. "हा काळा हाय. आमच्या उसातला पिवळा पायजे." पिवळा मिळेपर्यंत धारप चालतील का, असं मी तिच्या आजीला विचारलं. त्यांच्या एका कथेचं नावच 'आजी' आहे आणि २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमातली ती भयंकर म्हातारी त्याच कथेवरून आली, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आजी म्हणाल्या, आधी मी वाचते, पोरीला योग्य वाटलं तर देईन. त्याला बरेच दिवस झाले. मधल्या काळात आजींनी निरोप पाठवून धारपांची आणखी दोन पुस्तकं मागवून घेतली. नातीचा नंबर अजून लागलेला नाही.