निवृत्त पाळकाचा रविवार

बाप्टिस्ट पाळक निवृत्त झाला की त्याला पहिली अडचण येते ती रविवारी सकाळी कुठे बसायचं याची. जन्मभर उभं राहून बोललेला माणूस. आता बाकावर बसून ऐकायचं, आणि तेही दुसऱ्याचं. शिवाय जुन्या पाळकाने आपल्याच चर्चमध्ये फार घुटमळू नये, असा एक शिष्टाचार आहे. लोक लग्नाला आणि मयताला सवयीने जुन्यालाच बोलावतात आणि नव्याची पंचाईत होते. त्यामुळे लेकीकडे जॉर्जियात गेलो की तिचे शेजारी, निवृत्त पाळक, दर रविवारी गाडी काढून कुठल्या तरी लांबच्या चर्चला निघालेले दिसतात. परत येतात ते परीक्षकाच्या चेहऱ्याने. ‘पस्तीस मिनिटं बोलला,’ एवढाच निकाल. स्वतः किती बोलत, ते त्यांच्या बाईंना विचारावं.

बाप्टिस्टांत बिशप नाही, वरून बदलीचा हुकूम नाही. पाळक कोण आणि कुठवर, हे सभासद मतदानाने ठरवतात. म्हणजे नोकरी हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीची, फक्त सभा प्रार्थनेने सुरू होते. देवावरून आमच्याकडे कधी भांडण झालं नाही, असं पाळक अभिमानाने सांगतात. झालं ते नव्या गालिच्याच्या रंगावरून. पंथाचा मूळ पुरुषही तसा स्वतंत्र बाण्याचाच. 1609 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाला वाटलं, तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा काही खरा नव्हे. नव्याने द्यायला लायक माणूस दिसेना, तेव्हा त्याने स्वतःच स्वतःला देऊन टाकला. पुढे त्याला तेही पटेनासं झालं, हा भाग वेगळा.

आताचा बाप्टिस्टांचा बाप्तिस्मा चार थेंबांवर भागत नाही, माणूस पुरता बुडवावा लागतो. त्यासाठी व्यासपीठाच्या मागे हौद असतो. पुष्कळ पाळक झग्याखाली छातीपर्यंतची रबरी विजार घालतात, गळ टाकायला नदीत उतरणारे घालतात तीच. हौदातून वर आलं, झगा आणि विजार काढली, की खाली सूट कोरडा ठणठणीत. शेजाऱ्यांची विजार आता तिच्या मूळ कामाला लागली आहे. आठवड्यातून दोनदा तळ्यावर जातात. मासे मिळत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा आधीच झालेला असल्यामुळे त्यांना यांची गरज वाटत नसावी.

घरात तीन मुलं वाढली आणि तिघंही प्रवचनात खर्ची पडली. थोरल्याने दुकानातून उचललेली गोळी आठव्या आज्ञेला उपयोगी आली, तर धाकट्याचं घर सोडून मित्राकडे राहणं उधळ्या पुत्राच्या दाखल्याला. मधली मुलगी हिशेबी निघाली. तिने दर उल्लेखामागे एक डॉलर लावला आणि त्या वर्षी प्रवचनांत बायबलमधली उदाहरणं एकदम वाढली.

खरी निवृत्ती मिळाली ती बाईंना. चर्चने पगार एकाला दिला, कामाला दोघांना जुंपलं. पियानो, रविवारची शाळा, आजाऱ्याच्या घरी डबा. आणि सामुदायिक जेवण आलं की घेवड्याच्या शेंगांचं कॅसरोल. हा पदार्थ 1955 साली कँपबेल या सूपवाल्या कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मला. आपल्या घरात तो संपलेला आहे, असं बाईंनी जाहीर केलंय. त्यावर मतदान झालं नाही.

एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असता मी विल्यम केरीचं नाव काढलं. हा बाप्टिस्ट पाळक मूळचा चांभारकाम करणारा. तो भारतात आला हे शेजाऱ्यांना पाठ होतं. पण त्याने कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये कोश छापला, हे नवं होतं. पाळक खुलले. 1793 ला गेलेला माणूस 1834 मध्ये तिथेच वारला, एकदाही मायदेशी परतला नाही, निवृत्त म्हणून झाला नाही, असं त्यांनी जवळजवळ व्यासपीठावरच्या आवाजात सांगितलं.

‘त्याच्या बायकोला जायचं होतं का?’ बाईंनी भाजी वाढता वाढता विचारलं.

नव्हतं. डोरोथी केरीने आधी साफ नकार दिला होता. जहाज रखडलं, नवरा पुन्हा विनवायला आला, तेव्हा बहीण बरोबर येणार असेल तरच, या अटीवर ती निघाली. मी हे सांगितल्यावर बाईंनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं. पाळक उठले आणि न सांगता भांडी घासायला लागले.